साचा, मूर्ति आणि केरसुणी

धरमतरच्या खाडीकांठीं आमच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसा अनर्थ घडला. आमच्या पुतण्यानें संगणकावर ‘मेक क्लीन’ ही आज्ञा दिली, आणि तीन दिवस खपून लिहिलेली आज्ञावली क्षणार्धांत नाहींशी झाली. वडीलधाऱ्यांनीं यंत्रास दोष दिला. आमच्या मतें यंत्रानें सांगितलें तेवढेंच केलें. घरोघरींचीं मुलें आतां ही विद्या शिकत आहेत. तेव्हां तींतील हें मर्म मोठ्यांनींहि जाणून घ्यावें.

आमच्या पेण तालुक्यांतील गणपतीचे कारखाने वाचकांनीं पाहिलेच असतील. हातानें लिहिलेला मजकूर हा साचा. कंपायलर त्यावरून जे भाग काढतो व जे जोडून चालती आज्ञावली सिद्ध होते, ती मूर्ति. १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टीव्ह जॉन्सन यांनीं निर्दोष आज्ञावलींत चूक शोधण्यांत सारी सकाळ घालविली. साचा दुरुस्त झाला होता. समोरची मूर्ति मात्र जुन्याच साच्याची होती! त्यांचें गाऱ्हाणें ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनीं ‘मेक’ हें साधन रचलें. त्याबद्दल २००३ सालीं ‘एसीएम’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेनें त्यांचा गौरव केला.

कोणती वस्तु कशापासून व कशी करावी, हें ‘मेकफाइल’ नांवाच्या टिपणांत लिहिलेलें असतें. ‘मेक’ दोहोंच्या वेळा ताडून पाहतें. साचा मूर्तीहून नवा दिसला, तर तेवढाच भाग पुन्हां घडवितें. बाकीच्यास हात लावीत नाहीं. अर्थात् संगणकाचें घड्याळ चुकलें, तर हा निवाडाहि चुकतो.

घडविण्यापूर्वींची पायरी ‘कॉन्फिगर’. गलबत हांकारण्यापूर्वीं तांडेल भरती-ओहोटी पाहतो. तशी ही पायरी त्या संगणकावर कंपायलर आहे कीं नाहीं, लागणारी सामग्री कोठें आहे, हें तपासून त्याजोगी मेकफाइल तयार करते. असल्या तपासण्या रचून देणारें ‘ऑटोकॉन्फ’ डेव्हिड मॅकेन्झी यांनीं १९९१ सालीं सुरू केलें.

राहिली ‘क्लीन’ ही केरसुणी. यंत्रानें घडविलेलें सारें ती झाडून टाकते. जुने अवशेष जाऊन काम नव्यानें उभें राहावें, हा तिचा हेतु. साचा शाबूत असला कीं मूर्ति पुन्हां निघते. परंतु केरसुणीला डोळे नसतात. काय झाडावयाचें, हें मेकफाइल लिहिणाऱ्यानेंच ठरविलेलें असतें. पुतण्यानें यंत्राच्या वस्तु ठेवण्याच्या कप्प्यांतच आपला हस्तलेख ठेवला, आणि तो सबंध कप्पा झाडण्याची आज्ञाहि स्वतःच लिहून ठेविली होती. मूर्तींच्या ढिगांत ठेवलेला साचा ढिगाबरोबर गेला!

म्हणून हातचें व यंत्राचें यांस निरनिराळे कप्पे असावेत. हस्तलेखाची एक प्रत अन्यत्र असावी. केरसुणी फिरविण्याआधीं ‘मेक -एन क्लीन’ असें लिहावें. म्हणजे काय काय पुसलें जाणार, तें यंत्र न पुसतां नुसतें दाखवितें. एवढा एक क्षण थांबण्याची संवय असती, तर तीन दिवसांचे श्रम वांचले असते.

पुतण्या तो मजकूर पुन्हां लिहीत आहे. या खेपेस त्यानें आधीं दोन कप्पे केले. मगच लिहावयास बसला.