अंतर तेच, तास वाढले : आकाशातल्या सीमांची किंमत कोण मोजतो?

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सरळ मोजले तर सुमारे 12,400 किलोमीटर भरते. ते बदलत नाही. प्रवासाचे तास मात्र बदलतात.

2016 मध्ये एअर इंडियाने या मार्गावर अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून विमान नेले. हा मार्ग सुमारे 15,300 किलोमीटरचा, म्हणजे आधीपेक्षा लांब. तरीही पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास आधी पोहोचले. वारा वेळ वाचवतो, सरकारे तो वाढवतात.

1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते. पहलगामच्या हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. 30 एप्रिलला भारतानेही तसेच पाऊल उचलले. पुढे ही बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्लीहून अमेरिकेकडे जाणारी काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरू लागली. इंडिगोला दिल्ली–अल्माटी आणि दिल्ली–ताश्कंद सेवा थांबवावी लागली, कारण वळसा घालून तिथे पोहोचणे त्यांच्या लहान विमानांच्या आवाक्यात नव्हते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाचे आकाश बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे तेरा तासांवर गेला.

वळसा म्हणजे जास्त इंधन. त्या इंधनाचे वजन वाहायलाही पुन्हा इंधन लागते, म्हणून कधी प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो. 2019 मध्ये पाकिस्तानचे आकाश बंद असताना एकट्या एअर इंडियाला 2 जुलैपर्यंत 491 कोटी रुपयांचा फटका बसला, असे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. हा भार शेवटी तिकिटावर किंवा सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्यावरच येतो.

पण तो सगळ्यांवर सारखा येत नाही. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्याला चार तासांचा कंटाळा येतो. वस्तीतून पहिल्यांदाच परदेशी शिकायला निघालेल्या मुलीच्या घरी मात्र वाढलेल्या भाड्यासाठी कर्ज काढावे लागते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत विमानभाडे मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण ते त्या वेळच्या प्रत्यक्ष दराने आणि निघण्याआधी हातात पडले पाहिजे, ही मागणी आपण विद्यार्थी संघटनांनी लावून धरायला हवी.

दहशतवादाला उत्तर द्यावेच लागते, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र त्या उत्तराचा खर्च कोणाच्या खांद्यावर पडतो, हे विचारणे देशविरोधी नाही. तो नागरिकाचा हक्क आहे.