फुटबॉल वर्ल्डकप : रात्री जागायचं की पहाटे उठायचं? आणि ४८ संघांतही आपण का नाही?

येत्या ११ जूनला फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होतोय. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतल्या १६ शहरांत १०४ मॅच होणार आहेत. कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फ्लेक्स लागायला लागतील, आणि आता खेड्यापाड्यातही पोरांच्या स्टेटसला मेस्सी-रोनाल्डो दिसतातच. आपल्याकडं नेमका तोच पेरणीचा टाइम. तेव्हा सगळ्या मॅच बघणं कुणालाच जमणार नाही. निवडून बघायला लागणार.

सगळ्यात आधी वेळेचं बघू, कारण फसगत तिथंच होते. मोबाईलवर फिरणाऱ्या वेळापत्रकात बऱ्याचदा तिकडची तारीख असते. पहिली मॅच मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर ११ जूनला दुपारी १ वाजता. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेबारा झालेले असतात, म्हणजे तारीख १२ लागलेली असते. ११ च्या दुपारी टीव्ही लावून बसाल तर काही दिसणार नाही. हिशेब सोपा आहे. वेळ न्यूयॉर्कची दिली असेल तर साडेनऊ तास मिळवा. मेक्सिको सिटीची असेल तर साडेअकरा, लॉस एंजेलिसची असेल तर साडेबारा. सगळ्या मॅच आपल्या रात्री साडेनऊपासून सकाळी साडेनऊपर्यंतच्या पट्ट्यात सुरू होणार आहेत. रात्रपाळीच्या लाईटला मोटर चालू करायला जो उठतो, त्याला हा वर्ल्डकप फुकटात दिसेल असं म्हणायला हरकत नाही.

आता यंदाचा बदल. १९९८ पासून कतारच्या २०२२ च्या वर्ल्डकपपर्यंत ३२ संघ आणि ६४ मॅच होत्या. यंदा ४८ संघ आहेत. चार-चार संघांचे १२ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढं जाणार, शिवाय तिसऱ्या नंबरच्या १२ संघांतले चांगले ८. असे ३२ झाले की तिथून हरला तो घरी. म्हणजे गटातल्या ७२ मॅच खेळून बाहेर किती जाणार, तर फक्त १६. माझ्या मते ही पैशाची गणितं आहेत. मॅच वाढल्या की तिकिटं वाढतात, जाहिराती वाढतात. यंदा प्रत्येक हाफमध्ये २२ व्या मिनिटाच्या सुमाराला ३ मिनिटांची पाण्याची सुट्टीही ठेवली आहे. उन्हाचं कारण आहे खरं, पण ऊन नसलं तरी ती सुट्टी होणारच आहे.

तरी तिसऱ्या नंबरला हसू नका. २०१६ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालनं गटातल्या तिन्ही मॅच बरोबरीत सोडवल्या, तिसरा नंबर आला, आणि शेवटी कप त्यांनीच उचलला. त्यामुळं आपला आवडता संघ पहिली मॅच हरला म्हणून फ्लेक्स उतरवायची घाई नको.

कुठल्या मॅच बघायच्या? झोप मोडायची नसेल तर १४ जूनला रात्री साडेदहाला जर्मनी-कुरासाव आणि १५ ला रात्री साडेनऊला स्पेन-केप व्हर्डे आहे. अर्जेंटिनावाल्यांची तर चांदीच आहे. त्यांची पहिली मॅच अल्जेरियाशी, १७ जूनला सकाळी साडेसहाला. डेअरीला दूध घालून आलं की सेकंड हाफ मिळेल. ब्राझीलवाल्यांना मात्र कष्ट आहेत, मोरोक्कोशी त्यांची मॅच १४ तारखेला पहाटे साडेतीनला. पण कितीही झोप आली तरी ही सोडू नका. मोरोक्को गेल्या वेळी सेमीफायनलपर्यंत गेलेला संघ आहे. रोनाल्डोच्या पोर्तुगालची पहिली मॅच १७ ला रात्री साडेदहाला. रोनाल्डो ४१ वर्षांचा आहे, मेस्सीला २४ जूनला ३९ पूर्ण होतील. दोघांना पुढच्या वर्ल्डकपात बघायला मिळेल असं समजू नका. हालंडचा नॉर्वे १९९८ नंतर पहिल्यांदा आलाय, त्याच्याकडंही लक्ष ठेवा.

वर ज्या कुरासावचं नाव घेतलं, ते कॅरिबियन समुद्रातलं एक बेट आहे. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. म्हणजे आपल्या इचलकरंजी शहराच्या जवळपास निम्मी. वर्ल्डकप खेळणारा हा आजवरचा सगळ्यात कमी लोकसंख्येचा देश. केप व्हर्डे पाच लाखांचा, तोही पहिल्यांदाच. जॉर्डन आणि उझबेकिस्तानही पहिल्यांदाच. आणि आपण १४० कोटी.

दार लहान होतं म्हणून राहिलो, असं म्हणायची आता सोय नाही. आशियाला आधी चार थेट जागा होत्या, यंदा आठ झाल्या. आपण मात्र दुसऱ्याच फेरीत गळालो. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी शून्य-शून्य. मग दोह्यात कतारविरुद्ध १-० नं पुढं असताना बॉल रेषेबाहेर गेलेला असूनही त्यांचा गोल दिला गेला, आणि २-१ नं हरलो. तो अन्याय झालाच. पण अफगाणिस्तानला हरवलं असतं तर त्या एका गोलावर सगळं लटकलं नसतं. पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून २०२७ च्या आशिया कपातूनही बाहेर पडलो.

कुरासावची बहुतेक पोरं नेदरलँड्समध्ये जन्मलेली आणि तिथंच तयार झालेली आहेत, त्यामुळं ती तुलना पूर्ण बरोबर नाही हे मान्य. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशात वाढलेली पोरं तशी आणता येत नाहीत. पण उझबेकिस्तान बघा. पावणेचार कोटींचा देश. त्यांनी पोरं लहानपणापासून घडवली. २०२३ ला २० वर्षांखालचा आशिया कप जिंकला, २०२५ ला १७ वर्षांखालचा. त्यांचा खुसानोव्ह आज मँचेस्टर सिटीला खेळतोय. आपल्याकडं त्याच २०२५ मध्ये करार संपत आला म्हणून देशाची मुख्य लीगच ठरल्या वेळी सुरू झाली नाही.

आपल्या जिल्ह्याला हे जास्त लागतं. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला जेवढी गर्दी होते, तेवढी देशात फार थोड्या गावांत होत असेल. २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला, त्यात आपला अनिकेत जाधव खेळला. पण तालुक्याच्या गावांत काय आहे? शाळेचं मैदान पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात लग्नाचा मांडव. बारा वर्षांच्या पोराला कोच कोल्हापुरातच भेटणार, आणि तिथं रोज जायला एसटीची वेळ जुळणार नाही. वर्ल्डकपच्या महिन्यात ग्रामपंचायतीला विचारायचं असेल तर मैदानाचं विचारा, नेटचे दोन गोलपोस्ट आणि एक रोलर मागा.

आणखी एक सांगायचं राहिलं. या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर ‘फुकट लाईव्ह मॅच’च्या लिंक फिरतील. एपीके फाईल डाउनलोड करा म्हणतील. करू नका, त्यातून बँकेचा ओटीपी जातो. सट्ट्याच्या अ‍ॅपचंही तेच. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, त्यामुळं पैसे बुडाले तर दाद कुणाकडं मागणार? बियाण्या-खताला ठेवलेले पैसे पेरणीलाच लागू द्या.

फायनल न्यू जर्सीत १९ जुलैला, रविवारी. आपल्याकडं रविवारी मध्यरात्रीनंतर साडेबारा, म्हणजे २० तारीख. फोन आधी चार्ज करून ठेवा, पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.