नवा स्टिरिओ, जुनी एरियल

गाडी चांगली चालत असेल तर ती केवळ जुनी झाली म्हणून विकण्याची घाई आपल्या घरांत सहसा कुणी करत नाही, आणि करूही नये. अब्बांनी घेतलेली गाडी आता मुलगा चालवतो आणि ईदला सगळे त्याच गाडीतून गावी जातात. मुलाला खटकतो तो फक्त तिच्यातला कॅसेटवाला रेडिओ. मग तो बाजारातून ब्लूटूथवाला स्टिरिओ आणतो आणि रविवारी मोबाइलवर व्हिडिओ बघत स्वतःच बसवतो. नात, कव्वाली छान वाजू लागते. अब्बा बातम्या लावायला जातात तेव्हा मात्र नुसती खरखर येते. "अब्बा, आता रेडिओ ऐकतो कोण?" असे म्हणून विषय संपवला जातो.

आमच्या मते तो तिथे संपू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या आपल्या माणसांच्या तालुक्यांत विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि मुंबईतल्या मुलांना गावातल्या आईवडिलांची खबर मिळेना. अशा वेळी दारातली गाडी हे स्वतःची बॅटरी असलेले घर असते. तिच्यावर फोन चार्ज होतो आणि रेडिओ चालू असेल तर बाहेरची खबरही मिळते. म्हणून स्टिरिओ नवा घ्या, पण एरियल जिवंत ठेवा.

हे काम घरी होण्यासारखे आहे. आधी एरियल काय करते ते समजून घेऊ. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर होते, तिचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर. जुन्या गाड्यांवरची कांडी साधारण तेवढीच का असते, याचे उत्तर या गणितात आहे. आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची मध्यम लहर मात्र सुमारे ५३८ मीटर लांब. तिच्यापुढे आपली कांडी अगदीच आखूड, त्यामुळे तिथे मिळणारा संकेत फार क्षीण असतो. पण घाटात डोंगर आडवा आला की एफएम तुटते आणि मध्यम लहर जमिनीला धरून पुढे येते. म्हणून कांडीपासून रेडिओपर्यंतची केबल महत्त्वाची. मध्ये एक तार आणि भोवती तारेची जाळी अशी ती असते. ती कमी पडली तर साधी वायर किंवा टीव्हीची केबल जोडून लांबवू नये. दुकानात गाडीच्या एरियलचीच जोडकेबल मिळते.

खरखर आली तर पहिली तपासणी मल्टिमीटरने करावी. केबलचा प्लग रेडिओतून काढून त्याची मधली टाचणी आणि बाहेरची कांडी यांमध्ये रोध जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. टाचणी आणि प्लगची बाहेरची कडी यांमध्ये मात्र काहीच जोड दिसता कामा नये. पहिल्या ठिकाणी जोड तुटलेला असेल किंवा दुसऱ्या ठिकाणी जुळलेला असेल, तर दोष केबलमध्ये आहे. ही कसोटी साध्या कांडीची. छपरावरची बोटभर एरियल किंवा काचेत बसवलेली एरियल असेल तर तिच्यासोबत एक छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. नव्या स्टिरिओने ते दिले नाहीत तर एरियल धडधाकट असूनही बहिरी होते. "नवा सेट बसवला आणि रेडिओ गेला" या तक्रारीमागे बरेचदा एवढेच असते.

हे व्होल्ट येतात स्टिरिओच्या निळ्या तारेतून. बहुतेक सेटांत दोन तारा असतात. निळी एरियलसाठी, आणि निळी-पांढरी बाहेरच्या अॅम्प्लिफायरसाठी. पुष्कळ सेटांत निळी तार फक्त रेडिओ लावल्यावर जिवंत होते, निळी-पांढरी मात्र सेट चालू असेपर्यंत. सेटसोबतचा कागद पाहून खात्री करावी. मोटरवाली एरियल असेल तर हा फरक लगेच दिसतो. निळी-पांढरी जोडली की पेनड्राइव्हवर गाणे लावले तरी कांडी वर येते आणि झाडाच्या फांदीला किंवा गॅरेजच्या छताला आपटते. निळी जोडली की फक्त रेडिओला वर येते. सेटला एकच तार असेल तर तिच्या मार्गात डॅशबोर्डवर छोटे बटण घालावे. हवे तेव्हा कांडी वर, नको तेव्हा खाली.

आता सर्वांत महत्त्वाचे. निळी तार ही फक्त इशारा देणारी तार आहे. रिलेला जागे करण्यापुरता थोडा प्रवाह ती देते. मोटरला काही अॅम्पिअर लागतात आणि ते तिने बॅटरीकडून वेगळ्या तारेने घ्यायचे असतात. मोटर थेट निळ्या तारेवर चढवली तर सेट जळतो. आणि बॅटरीकडून तार घेताना फ्यूज टाळला तर काय होते ते नीट समजून घ्या. १२ व्होल्टने झटका बसत नाही म्हणून मुले बेफिकीर असतात. पण गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अॅम्पिअर सोडू शकते. पत्र्याच्या कडेला घासून तारेचे प्लास्टिक फाटले की तीच तार शेगडीच्या तारेसारखी लाल होते, आणि तिच्या शेजारी गालिचा, फोम, प्लास्टिक असते. मागच्या सीटवर अम्मी आणि नातवंडे बसलेली असतात.

म्हणून फ्यूज बॅटरीजवळच बसवावा आणि तो एरियलसोबत सांगितलेल्या क्षमतेचाच असावा. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे. तार पत्र्यातून जाते त्या भोकात रबरी बूच हवे. जोड पिळून टेप गुंडाळलेला नको, डाग दिलेला किंवा पक्का दाबलेला हवा. काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी. तत्पूर्वी जुन्या रेडिओचा कोड लागतो का ते पाहून ठेवावे. गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या तारांना हात लावू नये. त्यांचे प्लग बहुधा पिवळे असतात.

इंजिन चालू असताना वेगाबरोबर वाढणारी शिट्टी आली तर एरियलच्या बुडाशी अर्थिंग पाहावे. तिथला रंग आणि गंज खरवडून पत्र्याशी धातूचा जोड पक्का केला की बरेचदा आवाज जातो. आपल्या पावसात आणखी एक काळजी घ्यावी. मोटरच्या डब्याला पाणी निघून जायची नळी असते. ती चिखलाने बुजली की मोटर पाण्यात बसते आणि गंजून अडकते. मेमध्ये नळी साफ करावी. कांडी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पुसटसा हात द्यावा. ग्रीस नको, त्यात धूळ चिकटते.

इस्राफ नको, ही आपल्या घरांतली पहिली शिकवण. चालती वस्तू दुरुस्त करून वापरणारा मुलगा ती शिकवण पाळत असतो. त्याला रागावू नका, मल्टिमीटर घेऊन द्या. मात्र उंट बांधून मग तवक्कुल करावे, हेही आपल्याला शिकवले आहे. तार ओढताना फ्यूज बसवणे म्हणजे उंट बांधणे. मुलाला निळ्या तारेचे काम करू द्या, बॅटरीकडून येणारी तार जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवा. त्याची मजुरी द्यायला कुरकुर करू नका. आणि काम झाल्यावर पहिल्यांदा रेडिओ लावायचा मान अब्बांना द्या.