फोनची कंपनी बदलावी का? माझे मत



सध्या आमच्या वाडीत एकच चर्चा चालू आहे. फोनची कंपनी बदलायची की नाही? डेअरीत दूध घालायला गेले तरी तेच, गिरणीत गेले तरी तेच. एक म्हणतो ही कंपनी चांगली, दुसरा म्हणतो ती चांगली. पण वही-पेन्सिल घेऊन कोणी बसत नाही. म्हणून मी माझे मत लिहीत आहे.

आधी रेंज का जाते ते पाहू. आपला राधानगरी तालुका डोंगरांचा आहे. एका बाजूला दाजीपूरचे गव्यांचे जंगल, मध्ये शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण, आणि डोंगराच्या घड्यांत आपल्या वाड्या. फोनचे बोलणे टॉवरपासून लहरींनी येते. टॉर्चचा उजेड जसा डोंगराआड पोहोचत नाही, तशा या लहरीही डोंगराआड अशक्त होतात. दाट झाडी आणि जाड भिंती त्यांना आणखी अडवतात. एका कंपनीचा टॉवर आपल्या उताराच्या समोर असतो, तर दुसरीचा डोंगराच्या पलीकडे. म्हणून वरच्या आळीत रेंज असते आणि खालच्या आळीत नसते.

माझे बाबा कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहेत. ते म्हणतात, "आपल्या कंपनीला रेंज एकदम झकास आहे." आजी म्हणते, "माळावर गेल्याबिगर तुझा आवाज कानावर येत न्हाई, आन् झकास म्हनं!" दोघांचेही खरे आहे. शिरोलीत रेंज आहे, आमच्या घरात नाही. म्हणून "कोणती कंपनी चांगली?" असे विचारू नये. "आमच्या उंबऱ्याच्या आत कोणाची रेंज येते?" असे विचारावे.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? गाणी बघायला रेंज नसली तरी चालेल. पण आजीला दमा आहे. पावसाळ्यात रात्री तिचा दम वाढला तर १०८ नंबरच्या रुग्णवाहिकेला फोन करायला माळावर कोण जाणार? शेतात गवा आला तर घरी कळवायला लागते. धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात. तेव्हा भोगावतीच्या काठच्या माणसांना लवकर खबर मिळायला नको का?

दिवाळीला मामा आला होता. त्याचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे. तीन दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी मी आणि मामाने दोन्ही फोन घेऊन चार ठिकाणी लावून पाहिले. म्हणजे प्रत्येक ठिकाणी नऊ वेळा. नुसत्या काड्या मोजल्या नाहीत. काड्या दिसतात पण बोलणे तुटते, म्हणून खरेच बोलून पाहिले.

आमच्या कंपनीचा फोन: घरात २ वेळा लागला, गोठ्यात एकदाही नाही, शेतात ६ वेळा, एसटीच्या थांब्यावर ९ वेळा.

मामाच्या कंपनीचा फोन: घरात ७ वेळा, गोठ्यात ५ वेळा, शेतात ३ वेळा, थांब्यावर ९ वेळा.

बघा! घरात मामाची कंपनी पुढे, शेतात आमची पुढे. आमच्या घरी तीन फोन आहेत. चुलते म्हणाले, "सगळंच बदलून टाकू, एकदाचा ताप जाईल." माझे मत तसे नाही. आईचा फोन घरी असतो, तो बदलावा. आबांचा फोन शेतात जातो, तो राहू द्यावा. बाबांचा शिरोलीत चांगला चालतो, तोही राहू द्यावा. यात आणखी एक फायदा आहे. पावसात लाईट गेली की टॉवर बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालतो. तेही संपले की टॉवर बंद. घरात दोन कंपन्या असल्या तर एक बंद पडली तरी दुसरी उपयोगी पडेल. मात्र दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर नाहीत ना, हे आधी विचारावे.

आईला काळजी होती की नंबर बदलेल. पण तो बदलत नाही. ही सोय २०१० साली हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून सगळ्या देशात मिळाली. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० ला मेसेज पाठवायचा. मग आठ अक्षरांचा कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो घेऊन आधारकार्डासह नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. गंमत म्हणजे रेंज नाही म्हणून कंपनी सोडायची, आणि तसे कळवायलाही रेंज लागते! म्हणून थांब्यावरून मेसेज करावा. जुन्या फोनमधले शिल्लक पैसे नव्या कंपनीत येत नाहीत. ते संपत आले की बदलावे. आणि एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणून आधी पाहावे, मग करावे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, पण मोजून!

ज्या वाडीत कोणत्याच कंपनीची रेंज नाही, तिथे बदलून उपयोग नाही. तिथल्या लोकांनी ग्रामसभेत टॉवरचा ठराव मांडावा. तोपर्यंत ११२ हा नंबर सर्वांनी पाठ करावा. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसरीची असली, तर हा तातडीचा फोन तिच्या टॉवरवरून जाऊ शकतो.

या भित्तिपत्रकाखाली बाईंनी एक कोरा कागद लावला आहे. प्रत्येकाने आपल्या घरात, गोठ्यात आणि शेतात कोणत्या कंपनीचा फोन लागतो ते त्यावर लिहावे. पालकांनीही लिहावे. कागद भरला की कोणत्या आळीत काय चालते ते सर्वांना वाचता येईल.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी