बर्फ पडेल, पण कुठे आणि कसा?

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. कारण साधे होते: उतारांवर पुरेसा बर्फ नव्हता. महिनाअखेरीस बर्फ पडला आणि ९ ते १२ मार्चदरम्यान स्पर्धा पार पडल्या. त्याआधीच्या वर्षी, २०२४च्या जानेवारीतही गुलमर्गची उघडी, तपकिरी कुरणे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली होती. या घटनांची चर्चा बहुधा हवामानबदलाच्या एका वाक्यात संपते. ते वाक्य चुकीचे नाही. परंतु त्यामागे प्रशासनाचा एक प्रश्न झाकला जातो. बर्फासंबंधीची कोणती माहिती, कोणासाठी आणि कोणी द्यायची?

पर्यटक वाचतो तो अंदाज बहुधा जिल्ह्याचा असतो: ‘तुरळक ठिकाणी हलकी ते मध्यम हिमवृष्टी’. काश्मीरचा हिवाळी बर्फ मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. झंझावात येणार हे काही दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. तो नेमक्या कोणत्या उतारावर किती बर्फ टाकेल, हे सांगणे फार कठीण. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तर गोंडोलाचे अफरवटवरील स्थानक सुमारे ३,९५० मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते, असे धरले तर या दोन टोकांत आठ अंशांहून अधिक फरक पडतो. खाली दोन अंशांवर पाऊस पडत असताना वर उणे सहा अंशांत कोरडा बर्फ साचू शकतो. ‘गुलमर्गला हिमवृष्टी’ हे विधान म्हणूनच एकाच वेळी खरे आणि खोटे असू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम २०२५च्या मे महिन्यात कार्यान्वित झाली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. ही मोठी प्रगती आहे. तरीही गोंडोलाचा सगळा प्रवास अशा एखाद-दुसऱ्या चौकटीत मावतो.

दुसरा घोटाळा आकड्यांचा. ताजा बर्फ किती पडला आणि जमिनीवर एकूण किती साठला आहे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दहा मिलिमीटर पाण्यापासून ढोबळमानाने दहा सेंटिमीटर बर्फ होतो. हवा अतिशीत असेल तर अधिक, दमट असेल तर कमी. वारा एका कड्यावरचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूच्या घळीत रचतो. त्यामुळे ‘तीन फूट बर्फ’ ही बातमी कोणत्या उंचीवर, कोणत्या दिवशी आणि कोणत्या मोजपट्टीने मोजली, हे सांगितल्याशिवाय निरर्थक असते.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची. कमी बर्फाचा हिवाळा निर्धोक असतो, हा सार्वत्रिक समज धोकादायक आहे. हंगामाच्या आरंभी पडलेला पातळ थर दीर्घकाळ कडक थंडीत उघडा राहिला की त्याचे कण साखरेसारखे सुटे होतात. पुढे त्यावर एकदम जड बर्फ पडला, तर तो भुसभुशीत पायावर बांधलेल्या भिंतीसारखा उभा राहतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर अशा थराला एका माणसाचा भारही पुरतो. गुलमर्गच्या परिसरात हिमस्खलनाने २०१० साली लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीतील १७ जवानांचा बळी घेतला. २०२३मध्ये दोन पोलिश, तर २०२४मध्ये एक रशियन स्कीपटू मृत्युमुखी पडला. या शेवटच्या दुर्घटनेचा महिना आठवावा: फेब्रुवारी. म्हणजे बर्फ नाही म्हणून ज्या हंगामात हळहळ व्यक्त झाली, त्याच हंगामात बर्फाने जीव घेतला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक जुना धागा दिसतो. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पुढचा मोसमी पाऊस यांचा संबंध मांडला, आणि १८८६पासून भारतात दीर्घकालीन अंदाजाची नियमित परंपरा सुरू झाली. म्हणजे राज्यसंस्थेने बर्फ मोजायला घेतला तो मैदानातील शेतीसाठी. स्वातंत्र्यानंतर हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास उभा राहिला तो सीमेवरील सैनिकांसाठी, संरक्षण संशोधन संस्थेच्या छत्राखाली. दोन्ही हेतू रास्तच होते. परंतु डोंगरावर राहणारा आणि तेथे जाणारा सामान्य नागरिक या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. आजही हिमस्खलनाचा इशारा बहुधा अमुक जिल्ह्यांत, अमुक मीटरच्या वर, पुढील चोवीस तास, अशा स्वरूपात येतो. जिल्हाधिकाऱ्याला तो पुरेसा असतो. घोडेवाल्याला, स्लेज ओढणाऱ्याला, स्की-प्रशिक्षकाला नव्हे.

उपाय खर्चिक नाहीत. गुलमर्ग, औली, सोलंग यांसारख्या ठिकाणी निदान दोन उंचींवर रोज सकाळी ठरावीक वेळी बर्फ मोजावा आणि ताजा बर्फ, एकूण साठा, तापमान व वारा हे चार आकडे हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत जाहीर करावेत. हिमस्खलनाचा धोका उताराच्या दिशेनुसार सांगावा. मोजणी पर्यटन खात्याकडे नसावी. जो खोल्या विकतो त्याने बर्फाची उंची सांगू नये, हा हितसंबंधांचा साधा नियम आहे. आणि राष्ट्रीय स्पर्धांसाठी एकच तारीख न ठरवता आरंभापासूनच पर्यायी आठवडा राखून ठेवावा.

यावर आक्षेप ठरलेला आहे: प्रतिकूल आकडे जाहीर केले तर पर्यटक फिरकणार नाहीत. प्रशासनात अनेक वर्षे हा युक्तिवाद मी पूर, साथी आणि पाणीटंचाई यांच्या संदर्भात ऐकला आहे. माहिती दडवल्याने मंदी टळत नाही, फक्त विश्वास उडतो. आणि त्याची किंमत मोठ्या हॉटेलांपेक्षा रोजंदारीवर जगणारा अधिक मोजतो. बर्फ उशिरा येणार हे त्याला आठवडाभर आधी कळले, तर निदान तो दुसरे काम शोधू शकतो.

काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे आपले पंचांग फार पूर्वी तयार केले: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. चिल्लई कलानचा बर्फ घट्ट होऊन टिकतो, उन्हाळ्यात झऱ्यांना आणि झेलमला पाणी पुरवतो. मार्चचा बर्फ लवकर वितळून जातो. म्हणून मार्चमध्ये स्पर्धा पार पडल्या एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. स्कीपटूला तीन आठवडे थांबता येते, सफरचंदाच्या बागेला ते जमत नाही. उतारावरील ती मोजपट्टी बागायतदाराच्याही कामाची आहे. खेळाच्या निमित्ताने का होईना, ती आता रोवली गेली पाहिजे.