आकडा कुणाच्या वहीतला?



'जळगाव सेफ आहे का?' असं हल्ली खोली भाड्यानं घेणारा विचारतो, पोरीला कॉलेजात घालणारा बाप विचारतो. दिल्लीहून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचं जाडजूड पुस्तक आलं की पेपरवाले गुन्ह्यांचा दर छापतात. दर म्हणजे काय, तर नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. लोकसंख्या तरी कुठली? २०२१ची जनगणना झालीच नाही. २०११च्या आकड्यावरून अंदाज बांधायचा नि भागायचं. दलितांवरच्या अत्याचारांचा दर काढताना तर २०११चाच आकडा.

पुस्तकात शहरं वेगळी दिलीत ती वीस लाखांवरची. महाराष्ट्रातली तीन : मुंबई, पुणे, नागपूर. २०११ला जळगाव होतं साडेचार लाखांच्या वर थोडंसं. म्हणजे आपलं शहर त्या यादीत नाहीच. जिल्ह्याचा आकडा मिळतो, त्यात रावेर, जामनेर, चोपडा, चाळीसगाव सगळं एका भांड्यात शिजवलेलं. तांबापुऱ्याचा दर, हरिविठ्ठलनगरचा दर, रिंगरोडचा दर असं वस्तीवार त्यात काही नाही. तरी 'तिकडं नको रे, एरिया खराब आहे' हे मात्र सगळ्यांना पाठ! कुणी मोजलं? कुठल्या काट्यावर?

आम्ही म्हणतो, अंशातला आकडा बघा. नोंदलेले गुन्हे. घडलेले नव्हे.

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका बाईबरोबर मी ठाण्यात गेलो. ठाणं कुठलं ते सोडा. नळावर भांडण झालेलं. चारचौघांत तिला जातीवरून शिव्या दिलेल्या, हात पिरगळलेला. अंमलदार म्हणाला, "एनसी फाडतो ना भो, कशाला कोर्टकचेरी?" त्यानं लिहून घेतलं. कागदावर शिव्या आल्या, जात गळाली. जात गळाली की अ‍ॅट्रॉसिटी गळते, अ‍ॅट्रॉसिटी गळाली की दखलपात्र गुन्हाच गळतो. उरते अदखलपात्र नोंद. पोलीस तपासाला बांधील नाहीत, आणि वर्षअखेरच्या दरात ती धरतही नाहीत. बाईचा हात सुजलेला आणि वस्ती शांत! आम्ही अडून बसलो. कलम १८-अ सांगितलं, गुन्हा नोंदण्याआधी चौकशीची गरज नाही म्हणून. रात्री साडेअकराला गुन्हा दाखल झाला.

आता गंमत बघा. त्या रात्री वस्तीचा आकडा एकानं वाढला. उद्या कुणीतरी बोट दाखवणार, बघा, तिथं गुन्हे वाढले. अरे, गुन्हा नाही वाढला, ठाण्याचं दार उघडलं! दिल्लीचा विभाग स्वतःच आपल्या पुस्तकात बजावतो की नोंद वाढणं आणि गुन्हा वाढणं यांची गल्लत करू नका. पण ते पान वाचतो कोण?

आणि ज्याला भ्यायचं तो कोण, हे ठरवतं कोण? इंग्रजानं १८७१ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ला तो कायदा गेला. नजर गेली नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी भिक्षा मागायला आले होते. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, अशी मोबाईलवर अफवा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जण ठार मारले. मारणारे स्वतःला रखवालदार समजत होते, वस्तीची सुरक्षा करत होते! आणि सांगताना जीभ जड होते, पण सांगायला हवं : पाडा आदिवासींचा, बंगलेवाल्यांचा नव्हे. २०२४ला धुळ्याच्या कोर्टानं सात जणांना जन्मठेप दिली. दरात मात्र प्रकरणं मोजतात, मुडदे नाही. पाच माणसं, एक प्रकरण.

त्याच्या तीन आठवडे आधी, जामनेर तालुक्यात वाकडीला, विहिरीत पोहली म्हणून मातंगांच्या पोरांना नागवं करून मारलं. व्हिडिओ फिरला तेव्हा जगाला कळलं. ज्याचा व्हिडिओ निघत नाही त्याचं काय?

म्हणून 'जळगाव सेफ आहे का' याला आमचा उलटा सवाल : कुणासाठी? सराफ बाजारातल्या दुकानाला कॅमेरा आहे. कचरा वेचायला पहाटे चारला निघणाऱ्या बाईच्या रस्त्यावर दिवा आहे का?

आम्हाला हवं ते साधं आहे. शहरातल्या प्रत्येक ठाण्यानं दर महिन्याला फळ्यावर लिहावं : दखलपात्र किती, एनसी किती, अ‍ॅट्रॉसिटी किती, दोषारोपपत्र किती. ते लिहीपर्यंत आपण लिहू. दखलपात्र गुन्हा असेल तर नोंदलाच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ला ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ पाठ करा. गुन्ह्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाही नोंदला तर तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना धाडा, पावती जपा. जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोरांना हाक मारा.

घरात ट्रंकेत, कॅलेंडरमागं एनसीच्या चिठ्ठ्या पडल्या असतील. दहा वर्षांपूर्वीच्या असल्या तरी चालतील. नाव-गाव झाकून आम्ही उतरवून घेऊ आणि पुढच्या अंकात वस्तीवार छापू.