खाणीच्या गावाला कोणते कॅमेरा ॲप हवे?

छायाचित्रकाराच्या फोनमधील उपयुक्त ॲपची चर्चा बहुधा चेहरा उजळणाऱ्या, आकाश बदलणाऱ्या आणि मागची गर्दी धूसर करणाऱ्या ॲपपासून सुरू होते. तिरोडीत ती दुसऱ्या टोकापासून सुरू व्हायला हवी. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या सीमेवरचे हे गाव मँगनीजवर उभे आहे. 1896 मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश कंपनीकडून 1962 मध्ये मॉइल या सरकारी खाण कंपनीकडे आलेल्या खाणींपैकी एक येथे आहे आणि ती उघडी खाण आहे. उघड्या खाणीत गावाची जमीनच बदलत जाते. आज दिसणारी पायरी पुढे फोडली जाते, मातीचा ढिगारा टेकडीएवढा होतो, जुनी वाट नाहीशी होते. येथील खडकाची नोंद भूशास्त्रज्ञांनी ‘तिरोडी नाइस’ या नावाने करून ठेवली. माणसांच्या वस्तीची, बाजाराची, तुमसरकडे जाणाऱ्या गाडीची नोंद मात्र आज लोकांच्या फोनमध्येच साठते आहे. म्हणून कधी, कुठे आणि नेमके काय टिपले हे शाबूत ठेवणारे ॲप येथे सर्वांत उपयोगाचे, असे मला ठामपणे वाटते.

‘नेमके काय’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कॅमेऱ्याचा स्वयंचलित मापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. चौकट काळ्या मँगनीजने भरली की तो उजेड वाढवतो. काळा दगड राखाडी दिसतो आणि वरचे आकाश पांढरेफटक होते. रंगसंतुलनही फोन स्वतःच ठरवत असल्यामुळे शेजारची लाल माती एका फोटोत विटकरी, तर दुसऱ्यात पिवळी उतरते. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. ‘ओपन कॅमेरा’ या मुक्त ॲपमध्ये उजेडाचे माप हाताने खाली आणता येते, रंगसंतुलन पक्के करता येते आणि फोनची क्षमता असेल तर रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेली फाइल साठवता येते. जेपेग या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. रॉमध्ये त्या कितीतरी जास्त असल्याने काळ्यातला काळा नंतरही वेगळा काढता येतो. ती फाइल ‘स्नॅपसीड’ किंवा ‘लाइटरूम’मध्ये उघडून हलक्या हाताने सुधारावी, मूळ जशीच्या तशी राहते. संपादनाला माझा विरोध नाही. मूळ पुसून केलेल्या संपादनाला आहे.

‘कधी आणि कुठे’ याचे मोल शेतकऱ्याला विचारावे. पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत द्यावी लागते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात तर 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पिकाचा फोटो चढवतो. फोटोच्या फाइलमध्ये वेळ असतेच, परवानगी दिली तर जागाही नोंदली जाते. पण तोच फोटो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवला की आकार घटतो आणि ही माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. न्यायालयातही मूळच मोलाचे ठरते. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते स्पष्ट केले: मूळ उपकरण हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, नक्कल दिली तर लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही मागितले आहे. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी हा आकडा बदलतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सारे बनावट करता येते. फोनचे घड्याळ मागे नेता येते, फोटोवर छापलेली जागाही बनावट असू शकते. मनरेगाच्या हजेरीसाठी 1 जानेवारी 2023 पासून जागेची नोंद असलेले फोटो सक्तीचे झाले. पण फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, हे 2025 मध्ये ग्रामीण विकास मंत्रालयालाच मान्य करावे लागले. हा आक्षेप मला पूर्ण पटतो आणि त्यातूनच माझे म्हणणे पक्के होते. फोटोवर ठळक अक्षरांत तारीख छापणारे ॲप स्वतः पुरावा नव्हे. मूळ फाइल, त्याच जागेचे वेगवेगळ्या दिवसांचे फोटो आणि दुसऱ्या कोणीतरी काढलेले फोटो एकमेकांशी जुळले, की मगच विश्वास बसतो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो तितकाच खरा आहे. घराचा, मुलांचा किंवा कान्हा-पेंचच्या जंगलातल्या वाघाचा फोटो जागेसह जगापुढे ठेवणे धोक्याचे. तेव्हा नोंद स्वतःजवळ ठेवावी आणि जाहीर करताना जागा काढून टाकावी. दोन्ही करता येते. उरला लग्नाच्या फोटोंवर पोट असलेला स्टुडिओवाला. गिऱ्हाइकाला गोरा चेहरा हवा, तर तो काय करणार? त्याने चेहरा जरूर उजळावा. फक्त न उजळलेली फाइलही त्या कुटुंबाला द्यावी.

खर्च येतो तो साठवणीचा. एका रॉ फाइलला सहज 20 एमबी लागतात आणि गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली आहे. एका माणसाला हे जड जाईल. शाळेला किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला दोन हार्ड डिस्क घेणे जड नाही. एक वापरात, दुसरी कुलपात. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर खाणीची कड, बाजार, स्टेशन यांचे ठरलेल्या जागांवरून काढलेले फोटो त्यात तारखेनिशी जमा करता येतील. हे काम येत्या पावसाळ्याआधीच सुरू करावे.